कागद जाळणारे, कागद वाचणारे

खफजीतलं आमचं घर आम्ही दुपारच्या जेवणाआधी सोडलं आणि पुन्हा कधी पाहिलं नाही. आईने वालाची आमटी चढवलेली होती. खाली पिकअपचा हॉर्न वाजतच राहिला, तेव्हा तिने गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, मांजर येईल म्हणून झाकणावर पाट्याचा वरवंटा ठेवला आणि मग बुरखा घेतला. कुवेतची हद्द गावाला लागूनच, आणि कुवेत इराकच्या सैन्याने घेतलेलं. पहाटेपासून तोफांचे आवाज येत होते आणि मांडणीवरची भांडी आपोआप किणकिणत होती. अब्बा तिथे एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपमध्ये समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणाऱ्या बोटींची इंजिनं दुरुस्त करत. तो कंत्राटदार हाच आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही त्या देशात राहत होतो तो माणूस. त्याला सगळे अबू फहद म्हणत. वाईट माणूस नव्हता. ईदला आमच्याकडे खजुराचा डबा पाठवायचा आणि मी शाळेत कितवीत आहे ते आठवणीने विचारायचा. पण त्याच्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाचा पासपोर्ट त्याच्या कपाटात असे. त्याचं कुणाला काही वाटत नसे. पाण्याचा मीटर जसा जिन्याखाली असतो, तसे पासपोर्ट कफीलच्या कपाटात. लढाईची चिन्हं दिसू लागली तेव्हा तो बायकामुलांना घेऊन हाइलला, भावाच्या गव्हाच्या शेतावर निघून गेला आणि जाताना कपाट रिकामं करून गेला. त्यात आमचे पासपोर्टही गेले.

पासपोर्ट नाही म्हणजे देशाबाहेर जाता येत नव्हतं, आणि कफीलचं पत्र नाही म्हणजे एका शहरातून दुसऱ्या शहरातही जाता येत नव्हतं. खफजीहून दम्मामपर्यंत आम्हाला कुणी अडवलं नाही, कारण त्या दिवशी अख्खा रस्ताच पळत होता. दम्मामला पोचलो आणि तिथून पुढे सगळी दारं बंद. आज माझ्या लेकीचा पासपोर्ट घरात कुठेही पडलेला असतो, कधी शिवणाच्या टोपलीत, कधी औषधांच्या खणात. मी तो उचलून कपाटात ठेवते, तर ती हसते. तिला सांगून कळणार नाही, आणि कळू नये हेच बरं.

दम्मामला इक्बालमामू होता, आईचा धाकटा भाऊ. तोही अबू फहदच्याच नावावर, त्याच्या बर्फाच्या गाड्या चालवायचा. दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला. त्याच्या खोलीतले दोघे जोडीदार लढाईआधीच सुट्टीवर गेले होते, म्हणून जागा होती. मामूने विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना आतून प्लास्टिक लावून चारी बाजूंनी पॅकिंगची तपकिरी पट्टी ओढली होती. काचेवर फुल्या मारल्या होत्या. त्यामुळे दिवस केव्हा उजाडतो आणि केव्हा मावळतो ते अजानवरूनच कळायचं. समुद्रात तेल सोडलंय, पाणी गोड करणारे कारखाने बंद पडणार, अशी बातमी आली तेव्हा आईने न्हाणीतला टब, बादल्या, कुकर, एवढंच काय, फुलदाणीही भरून ठेवली. आंघोळीला एक तांब्या मिळे. जेवायला खालच्या बेकरीतला खुबूस, म्हणजे अरबी रोटी, आणि डब्यातला मासा. त्या डब्यातल्या माशाला आई मासा म्हणत नसे, 'ते' म्हणत असे. 'ते गरम करू का?' तिने खफजीहून निघताना बुरख्याखाली दोनच पुड्या आणल्या होत्या, एक सुकटीची आणि एक सोलांची, म्हणजे आमसुलांची. त्यातलं चिमूटभर सोल घालून ती 'त्या'ची आमटी करी आणि आम्ही गावी, दाभोळच्या खाडीकाठी बसल्यासारखे जेवत असू.

आवाज मात्र विसरता येत नाहीत. दिवसभर हेलिकॉप्टर, जिन्यात कुणाचा तरी रेडिओ, आणि मग संध्याकाळी, अजान आणि जेवण यांच्या मधेच बहुतेक वेळा, हवाई हल्ल्याचा भोंगा. भोंगा झाला की सगळ्यांनी न्हाणीत जायचं, कारण तिला खिडकी नव्हती. दाराखाली ओला टॉवेल. मग आकाशात काहीतरी फाटल्यासारखा आवाज, आणि त्यानंतरची शांतता. त्या शांततेत आपण जिवंत आहोत हे कळायला थोडा वेळ लागायचा.

न्हाणीत आम्ही पाच जण असू. पाचव्या देशपांडे बाई. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, तिथल्या भारतीय शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांचे यजमान बँकेच्या कामाला रियाधला गेले ते तिकडेच अडकले. एकट्या बाईने वर कसं राहायचं, म्हणून आईने त्यांची गादीच खाली आणवली. बाई पुण्याच्या, शाकाहारी, बोलायला रोखठोक. आईचं आणि त्यांचं आधी जमेल असं वाटलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी दोघी मिळून खुबूसचा उपमा करत होत्या. शाळा बंद होती. मला बारावीची परीक्षा होती आणि परीक्षा होणार की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, "नुसतं बसून राहिलीस तर वेडी होशील. मीही होईन. बस समोर." अभ्यासक्रमातले धडे संपल्यावर त्या अमेरिकेच्या इतिहासावर आल्या. एम.ए.ला त्यांचा तोच विषय होता. "तुझ्या परीक्षेला हे नाही," त्या म्हणाल्या, "पण मला हेच सगळ्यात चांगलं येतं."

तर एका दुपारी, जेवणं झाल्यावर, बाईंनी मला गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या माणसांची गोष्ट सांगायला घेतली. अब्बा कोपऱ्यात रेडिओ कानाला लावून बसले होते. मामू आरशासमोर दाढी करत होता. आई तांदूळ निवडत होती.

"पहिली गोष्ट लक्षात ठेव," बाई म्हणाल्या, "मी सांगतेय त्या सगळ्यांना गुलामगिरी नकोच होती. त्यावर त्यांचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते देशाच्या घटनेचं काय करायचं यावर. बोस्टनला एक संपादक होता. गोरा, हट्टी, सच्चा माणूस. त्याचं म्हणणं, ही घटना म्हणजे गुलाम बाळगणाऱ्यांशी केलेला सौदा आहे. पळून गेलेला माणूस मालकाला परत द्यायचा, असं तिच्यात कलम आहे. प्रतिनिधी ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, असंही आहे. मग अशा कागदाखाली मत द्यायचं नाही, पद घ्यायचं नाही. एका स्वातंत्र्यदिनाच्या सभेत त्याने घटनेची प्रत सगळ्यांसमोर जाळली."

"शाब्बास!" मामू आरशातूनच म्हणाला. अर्ध्या तोंडाला साबण होता.

"थांबा, इक्बालभाई. दुसरा ऐका. हा स्वतः गुलामगिरीत जन्मलेला. पळून आलेला. संपादकाच्या चळवळीनेच त्याला व्यासपीठावर आणलं, आणि बरीच वर्षं तो संपादकाचंच म्हणणं मांडत होता. मग त्याने स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, इतरांशी वाद घातले, खूप वाचलं, आणि एक दिवस जाहीर केलं की माझं मत बदललंय. घटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही, एकदाही नाही. 'इतर व्यक्ती' आहे, 'कामाला बांधलेली व्यक्ती' आहे. आणि अगदी सुरुवातीला न्याय आहे, स्वातंत्र्य आहे. मग हा कागद मी मालकांच्या बाजूने का वाचू? माझ्या बाजूने का वाचू नये?"

अब्बांनी रेडिओ कानापासून काढला. "शब्द नाय म्हणता? एकदाही?"

"एकदाही नाही, परकारभाई."

"मग त्याचंच बरोबर. जे लिवलं नाय, ते लागू होत नाय."

"भावजी!" मामू हातात वस्तरा घेऊन दारात आला. "शब्द नाय तो का नाय? लिवणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं काय करतायत ते. लाज वाटली म्हणून शब्द गाळला. माल ठेवला, पाटी काढली."

बाईंचे डोळे चमकले. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच अशा खूश दिसल्या. "अगदी हेच! तिकडेही हेच. एक म्हणे, शब्द नाही म्हणजे हमी नाही. दुसरा म्हणे, शब्द नाही म्हणजे लबाडी आहे. कागद एकच."

"बट हू वॉज राइट, मिस?" मी विचारलं.

"मराठीत विचार."

"बरोबर कोण होतं?"

बाई एवढंच म्हणाल्या की दोघांची मैत्री तुटली. एकमेकांविरुद्ध त्यांनी आपापल्या वर्तमानपत्रात कडू लिहिलं. एकाच कामाला आयुष्य दिलेली ती माणसं कैक वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत.

त्या संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा अब्बा न्हाणीत येताना आपली पत्र्याची पेटी घेऊन आले. टबाच्या काठावर बसून त्यांनी त्यातून नोकरीचा करार काढला. उजव्या बाजूला अरबी, डाव्या बाजूला इंग्रजी. "शमीम, हे वाच. अकरावं." मी टॉर्च धरून वाचलं. कामगाराचा दोष नसताना काम बंद पडलं, तर मालक त्याला आणि त्याच्या कुटुंबाला आपल्या खर्चाने मायदेशी पोचवील. अब्बांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग मामूकडे बघून म्हणाले, "बघ. मी ह्या कागदाला शिव्या नाय घालणार. मी ह्या कागदानंच बाहेर पडणार. लढाई थांबली, अबू फहदचा फोन आला, की त्याला हे कलम दाखवणार."

"आणि वाचणार कोण? तोच," मामू म्हणाला. "न्याय करणार कोण? त्याच्याच गावचा कुणीतरी. तुमच्या हातात कलम हाय भावजी, त्याच्या हातात पासपोर्ट हाय. मी सांगतो, ट्रक पकडायचा, रियाध, तिथून जेद्दा. जेद्दाला आपली कॉन्सुलेट हाय. पासपोर्ट हरवला म्हणायचं. खलास."

"चोरासारखं?"

"गुलामासारखं राहण्यापेक्षा चोरासारखं जाईन."

अब्बा एरवी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. न्हाणीच्या फरशांमध्ये तो घुमला. "तो शब्द बोलू नकोस. आपण गुलाम नाय. आपल्याला कुणी जाळं टाकून आणलं नाय. मुंबईत एजंटच्या पायऱ्या झिजवून, हसत हसत सही करून आलोय मी. बाई सांगतात त्या माणसांची पोरं बाजारात विकली. आपल्या रडगाण्यात त्यांना ओढू नकोस."

बाईंनी मान हलवली, पण कुणाच्या बाजूने ते कळलं नाही. पुढे आयुष्यभर मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि घटनेवर पुष्कळ व्याख्यानं ऐकली. पण दाराखाली ओला टॉवेल लावलेला असताना, आपला जीव त्यावर अवलंबून असल्यासारखे एक मेकॅनिक आणि एक ड्रायव्हर एका कलमावर भांडतात, असं पुन्हा ऐकलं नाही. खरोखर अवलंबून होताच. मामू जे म्हणत होता ते मला खरं वाटत होतं, आणि अब्बा जे म्हणत होते तेही. दोन्ही खरं वाटणं म्हणजे काय, ते त्या खोलीत मला अंगाने कळलं. एकाच्या रस्त्याने जावं तर पोलीस, दुसऱ्याच्या रस्त्याने जावं तर वाट बघणं, आणि वाट बघायची ती कशाची, आधी फोनची की आधी बॉम्बची, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

मग खफजीची बातमी आली. इराकचं सैन्य गावात शिरलं होतं. रेडिओवर आमच्या बाजाराचं नाव, आमच्या समुद्राकाठच्या रस्त्याचं नाव येत होतं, परक्या माणसाच्या उच्चारात. अब्बा रेडिओजवळून उठलेच नाहीत. वर्कशॉप असेल का, एवढंच एकदा म्हणाले. मामूने त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्या दिवशी दोघं भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र दुप्पट भांडले, कारण आता दोघांनाही आपलंच म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटत होतं. अब्बांच्या मते काम बंद पडलं, म्हणजे कलम लागू झालं. मामूच्या मते वर्कशॉपच उरलं नसेल, तर मालक कसला आणि करार कसला!

तो शुक्रवार होता. नमाज घरातच झाली होती. आईने भात चढवला होता. मामू स्वयंपाकघरात आला, खिशातून आपल्या कराराचा कागद काढला आणि सरळ गॅसच्या ज्योतीकडे नेला. "बघा भावजी, ह्या कागदाची किंमत."

आईने भाताचा कालथा त्याच्या मनगटावर मारला. कागद ओट्यावर पडला.

"ही शेगडी माझी हाय," ती म्हणाली. "वर भात हाय. जाळायचा असेल तर खाली जाऊन कचऱ्याच्या पिंपात जाळ." मामू मनगट चोळत राहिला. आई अब्बांकडे वळली. "आणि तुम्ही. आणा तुमचा कागद. त्यात माझं नाव दाखवा."

अब्बांनी खरंच पेटी उघडली. करार काढून त्यावर बोट फिरवू लागले. "हे काय, इथं हाय ना. 'आणि कुटुंब'."

"नाव. खैरून असं कुठं लिवलंय?"

करारात नव्हतं. इकाम्यात, म्हणजे अब्बांच्या राहण्याच्या परवान्याच्या पुस्तकात, मागच्या पानावर 'बायको' आणि 'मुलगी' म्हणून आम्ही होतो, एकाच ओळीत. आई खाली बसली. तिने बाईंना विचारलं, "बाई, तुमच्या त्या अमेरिकेत बायका होत्या की नाय?"

"होत्या, खैरूनवहिनी. खूप होत्या. त्यांनी सभेत बोलावं की नाही, समितीवर बसावं की नाही, यावरही भांडण झालं. संघटना फुटली त्यात."

"बघा. त्यांना कुणी विचारलं नाय, कागद जाळायचा की वाचायचा. आणि मलाही कुणी विचारलं नाय. हा जाळतोय, हे वाचतायत, आणि मी भात करतेय." ती उठली. "शमीम, बुरखा घे. खाली चल."

खाली बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, टेलिफोन होता. दुकानदार केरळचा, ओळखीचा. आईला हाइलचा नंबर पाठ होता, अबू फहदच्या बायकोने जाताना दिलेला. ते मलाही माहीत नव्हतं. खफजीत अबू फहदच्या घरी रमजानमध्ये ती तांदळाची गोड सांदणं करून पाठवायची, आणि त्याची बायको उम्म फहद तिला स्वयंपाकघरात बसवून घ्यायची. दोघींनी एकमेकींच्या भाषेतले पीठ, मीठ, ताप, बाळ, सासू एवढेच शब्द उचलले होते. त्याच शब्दांवर, अडलं तिथे दुकानदाराला अरबी शब्द विचारत, आई बोलली. आधी उम्म फहदच्या गुडघ्याची चौकशी. मग धाकट्या बाळाची. मग एकदम, जणू पिठाचं माप सांगतेय तशी, ती म्हणाली की माझा नवरा कागद वाचतोय, माझा भाऊ कागद जाळतोय, माझ्याजवळ एक मुलगी आहे आणि पाणी संपत आलंय. तुझ्या घरात माझा पासपोर्ट आहे. माझा आहे. तो मला दे.

मग उम्म फहदने काहीतरी विचारलं आणि आई "ऐवा, ऐवा", म्हणजे हो, हो, म्हणाली आणि तिने फोन ठेवला. "काय म्हणाली?" मी विचारलं. "म्हणाली, पासपोर्ट घरात हायत हेच तिला ठाऊक नव्हतं," आई म्हणाली. "बघते म्हणाली."

मामूने वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून, आईला सलाम करून, तो एका ओळखीच्या कांद्याच्या ट्रकमधून निघाला. लपूनछपून नाही, सगळ्यांसमोर. अब्बांना म्हणाला, "भावजी, जेद्दाहून फोन करतो." अब्बांनी त्याला स्वतःचा जाड कोट दिला. "थंडी हाय रस्त्यात," एवढंच म्हणाले. कांद्याची पोती लावून मामूसाठी मधे जागा केली होती. ट्रक वळला तेव्हा त्याचा हात तेवढा दिसला. त्याचा फोन आला नाही. आई रोज बकाल्यापर्यंत जाऊन यायची. दुकानदार तिला लांबूनच मान हलवून नाही म्हणायचा. पुढे ती पायऱ्यांवरूनच परत फिरू लागली.

आणि मग एका दुपारी दार वाजलं. हाइलहून गहू घेऊन आलेला एक सुदानी ड्रायव्हर दारात उभा होता. त्याने आईच्या हातात एक पिशवी दिली. पिशवीत खजूर होते, त्याखाली आमचे दोन पासपोर्ट, देश सोडायच्या शिक्क्यासकट, आणि अब्बांच्या नावाचं एक पत्र. अब्बांचा पासपोर्ट नव्हता. बायको आणि मुलीला जेद्दाच्या विमानापर्यंत पोचवून दम्मामला परत यायची त्यांना परवानगी होती. लढाई संपली की वर्कशॉप उघडायचं आहे, बोटी उभ्या आहेत. मग करारात आहे तसं मी तुला पाठवीन, असा अबू फहदचा निरोप ड्रायव्हरने तोंडी सांगितला. अब्बांना पत्रावर आणि त्याच्या प्रतीवर सही करून प्रत परत द्यायची होती. त्यांनी सही केली. "करारात हाय तसं, म्हणाला ना?" ते त्या ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा विचारत होते. "कलमाचं बोलला ना तो?"

निघताना बाई जिन्यापर्यंत आल्या. त्यांचे यजमान रियाधहून गाडी घेऊन येणार होते, तोवर त्या आमच्याच फ्लॅटमध्ये राहणार होत्या. अब्बांनी खाली उतरता उतरता त्यांना विचारलं, "बाई, त्या गोष्टीचं शेवटी काय झालं? कुणाचं खरं ठरलं?"

"कागद बदलला, परकारभाई. गुलामगिरी बंद, असं स्पष्ट लिहिलं त्यात. पण ते वाचूनही झालं नाही आणि जाळूनही झालं नाही. आधी मोठी लढाई झाली."

अब्बांनी मान हलवली आणि ट्रंक उचलली.

जेद्दापर्यंतचा बसचा रस्ता संपता संपत नव्हता. प्रत्येक नाक्यावर एक शिपाई वर चढायचा, अब्बा पत्र काढायचे, तो वाचायचा, परत द्यायचा. प्रत्येक वेळी अब्बा माझ्याकडे बघायचे, जणू म्हणत होते, बघ, चालतंय. आईने दोन्ही पासपोर्ट ब्लाऊजच्या आत ठेवले होते. अब्बांनी एकदा सवयीने हात पुढे केला, "दे, मी सांभाळतो." ती म्हणाली, "माझ्याकडंच राहूदेत."

विमानतळावर माणसांचा समुद्र होता. रांग हळूहळू सरकत होती आणि एक पिवळी दोरी होती, तिच्यापुढे फक्त जाणारे. दोरीपाशी आईने अब्बांची बाही धरली. इतक्या लोकांत तिने त्यांना हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"इथं आपली कॉन्सुलेट हाय," ती म्हणाली. "आम्ही जातो, तुम्ही तिथं जा. सांगा, पासपोर्ट अडकलाय. बसून राहा दारात. परत जाऊ नका."

अब्बांनी खिशातून पत्र काढलं. "परत येईन म्हणून लिवलंय ह्यात. खाली माझी सही हाय."

"तिथं बॉम्ब पडतायत."

"खैरून, मी हे मोडलं तर माझ्या कलमाला उद्या कोण विचारणार? मी कुठल्या तोंडानं त्याला सांगू, तू पाळ म्हणून?"

इक्बालमामू तिथे असता तर त्याने त्यांना खांद्यावर टाकून नेलं असतं. आईने तसं काही केलं नाही. बाही सोडली. "सुकट थोडी डब्यात ठेवलीय," ती म्हणाली. "आधी भिजवा, मग परता. तशीच टाकू नका." मग आम्ही दोरीपलीकडे गेलो. मी वळून पाहिलं तेव्हा अब्बा ते पत्र पुन्हा वाचत होते, ओठ हलवत, एकेका शब्दावर थांबून.

गावी पोचलो तर मामू आमच्याआधी घरी होता. रियाधच्या अलीकडच्या नाक्यावर पोलिसांनी कांदे उतरवले आणि त्याला धरलं. कोठडीत ठेवलं, मग पुन्हा यायचं नाही असा शिक्का मारून इतरांबरोबर विमानात बसवलं. फार वाळला होता. दात दोन गेले होते, ते कसे गेले ते त्याने कधी सांगितलं नाही. त्याने पहिल्यांदा विचारलं ते अब्बांचं. आई म्हणाली, "तिथंच हायत. कलम वाचतायत," आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

अब्बा आले ते आंबा संपता संपता. लढाई केव्हाच थांबली होती, पण खफजीचं वर्कशॉप उभं करून, बोटी चालू करून मगच अबू फहदने त्यांना सोडलं. कुवेतच्या विहिरी जळत होत्या आणि त्या सगळ्या काळात खफजीचं आकाश दिवसासुद्धा काळं असायचं, असं ते सांगत. कपडे वाळत घातले तर तेलकट ठिपके पडायचे. अबू फहदने मात्र शब्द पाळला होता. त्याने स्वतः विमानतळावर आणून सोडलं, तिकीटही त्याचंच. जेवणं झाल्यावर अब्बांनी ते वापरलेलं तिकीट मामूपुढे पाटावर ठेवलं.

मामूने ते उचलून उलटसुलट पाहिलं. "खरं हाय भावजी," तो म्हणाला. "पाळलं त्यानं. मी तर समजलो होतो..." मग म्हणाला, "आणि मधेच तिथं मेला असतात, तर हे तिकीट कुणाला दाखवलं असतंत?"

"मेलो नाय ना?" अब्बा हसले. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. तो कोरडा, खोल खोकला आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो पुढे कधी पुरता गेला नाही. उबळ काही थांबेना. आई पाणी आणायला धावली. मामू तिकीट खाली ठेवून उठला, अब्बांच्या मागे जाऊन बसला आणि उबळ ओसरेपर्यंत त्यांची पाठ चोळत राहिला.